बारा मैलांच्या आत, बारा मैलांच्या बाहेर

नोव्हेंबर १९९९. अरबी समुद्रात ‘मेगा रामा’ नावाचं एक मालवाहू जहाज चाललं होतं. झेंडा बेलीझचा. चौकशी केली तर बेलीझच्या दफ्तरात या नावाचं जहाजच नाही. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने थांबायला सांगितलं, ते थांबलं नाही. मग नौदलाची ‘प्रहार’ आली, इशाऱ्याच्या फैरी झाडल्या, तरी पळणं चालूच. शेवटी जहाजावरच्या लोकांनी स्वतःच आग लावली आणि इंजिनरूममध्ये पाणी घ्यायला सुरुवात केली. जहाज तळाला गेलं की पुरावाही गेला, असा त्यांचा हिशेब. नौसैनिक वर चढले, आग आटोक्यात आणली आणि जहाज मुंबईला आणलं. त्याचं खरं नाव निघालं ‘अलोंड्रा रेनबो’. महिन्याभरापूर्वी ते इंडोनेशियातल्या क्वाला तांजुंगहून सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियम घेऊन जपानला निघालं होतं. वाटेत चाचे चढले. त्यांनी जहाजावरच्या सतरा जणांना पुढे एका तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून दिलं. आठवड्याहून जास्त दिवस ते लोक तसेच वाहत होते. अखेर थायलंडच्या एका मासेमारी बोटीने त्यांना उचललं.

पकडलेले पंधराही जण इंडोनेशियाचे. प्रकरण मुंबईच्या यलो गेट पोलिस ठाण्यात आलं आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली. गुन्हा घडला पार मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे. मालक जपानी, झेंडा पनामाचा, कप्तान जपानी, बाकीचे बहुतेक खलाशी फिलिपिनो, पकडणारे भारतीय. आपल्या दंडसंहितेत दरोडा होता, जबरी चोरी होती, चाचेगिरी नव्हती. तरी सरकारने नेटाने खटला चालवला. फेब्रुवारी २००३ मध्ये सत्र न्यायालयाने सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली, तेव्हा जहाजधंद्यातल्या लोकांनी भारताची पाठ थोपटली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि आरोपी सुटले.

जहाजांच्या आणि बंदरांच्या सुरक्षेवर मराठीत पुस्तक लिहायचं तर सुरुवात याच प्रकरणापासून करावी असं मी आधीच ठरवलं होतं. खटला आपल्या शहरातला, हे एक कारण. दुसरं कारण असं, की पुढच्या तीनशे पानांत जे सांगायचं आहे ते सगळं या एका जहाजात भरलेलं आहे. समुद्रावर चोर पकडायला आरमार लागतं, धाडस लागतं, आणि ते आपल्याकडे आहे. तो चोर कोणाचा, हे ठरवताना मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्याचा, विमा तिसऱ्याचा, माणसं चौथ्याची. एकाची जबाबदारी जिथे संपते आणि दुसऱ्याची अजून सुरू झालेली नसते, अशा सांध्यांमध्ये चाचेही राहतात आणि अतिरेकीही. मला या विषयात सर्वांत जास्त कुतूहल आहे ते या सांध्यांचं. बंदुका आणि गस्ती नौकांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

पहिला सांधा किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांवर आहे, म्हणजे साधारण बावीस किलोमीटरवर. १९८२ च्या समुद्री कायद्याच्या करारानुसार या रेषेच्या बाहेर एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर, खाजगी हेतूने केलेला हल्ला म्हणजे चाचेगिरी. तिथला चाचा कुठल्याही देशाने पकडावा. तीच माणसं, तेच कोयते आणि तीच शिडी रेषेच्या आत असली की तो ‘जहाजावरील सशस्त्र दरोडा’, आणि तो त्या किनाऱ्याच्या सरकारने बघायचा. ते सरकार दुबळं असेल, किंवा १९९१ नंतरच्या सोमालियासारखं जवळजवळ नसेलच, तर चाच्याने एवढंच करायचं: बाहेर जहाज धरायचं आणि आत नेऊन नांगरायचं. २००८ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला खास ठराव करून परदेशी नौदलांना सोमालियाच्या हद्दीत शिरायची परवानगी द्यावी लागली, ती यामुळेच.

‘खाजगी हेतू’ या अटीनेही पुष्कळ घोळ घातले. ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘आकिले लाउरो’ हे इटलीचं प्रवासी जहाज चार पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी ताब्यात घेतलं आणि चाकाच्या खुर्चीतल्या एका अमेरिकन प्रवाशाला मारून समुद्रात टाकलं. ते बंदूकधारी तिकीट काढून प्रवासी म्हणून चढलेले. म्हणजे दुसरं जहाज नाही, आणि हेतू राजकीय. कायद्याच्या काटेकोर भाषेत ही चाचेगिरी होत नव्हती. १९८८ मध्ये रोमला वेगळा करार झाला तेव्हा कुठे ही फट बुजली. त्यासाठीचा भारताचा कायदा २००२ मध्ये आला.

आणि चाचा कोणाला म्हणायचं, हे ठरवणारा कोण? या बाबतीत मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी कान्होजी आंग्र्यांचं दस्तक घ्यावं, नाहीतर जप्ती सोसावी, असा रिवाज होता. पोर्तुगीज आपल्या समुद्रात तेच ‘कार्ताझ’ देऊन करत. इंग्रजांच्या कागदांत मात्र चाचे म्हणून नोंद झाली ती आंग्र्यांची. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. या इतिहासावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून पुस्तकात मी त्याला चार पानांपलीकडे जागा दिलेली नाही. अभिमानापोटी त्याला चाळीस पानं द्यावीत असा काही मित्रांचा आग्रह होता. तो मी मानला नाही.

चाचा आणि अतिरेकी यांना एकाच पुस्तकात का घेतलं, असा प्रश्न येईल. दोघांची गरज उलटी आहे. चाच्याला जहाज तरंगतं हवं, माणसं जिवंत हवीत, कारण त्यांचेच पैसे मिळायचे असतात. अतिरेक्याला जहाज फुटलेलं चालतं. ऑक्टोबर २००० मध्ये एडनच्या बंदरात स्फोटकांनी भरलेली एक छोटी नाव अमेरिकेच्या ‘कोल’ या युद्धनौकेला येऊन भिडली आणि सतरा नौसैनिक मेले. दोन वर्षांनी येमेनजवळच ‘लिंबर्ग’ या तेलवाहू जहाजावर तसाच हल्ला झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये मनिलाहून निघालेल्या ‘सुपरफेरी १४’ वर एका टीव्ही संचात लपवलेला बॉम्ब फुटला आणि ११६ माणसं गेली. समुद्रावरच्या दहशतवादात एवढी माणसं क्वचितच मेली असतील, पण आपल्याकडे ते जहाज कोणाला आठवत नाही. हेतू वेगळे असले तरी दोघेही आत शिरतात त्या वाटा सारख्याच: न पाहिलेली छोटी नाव, न तपासलेली पिशवी, झोपेला आलेला पहारेकरी.

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेला जाणवलं की विमानाचं जे झालं ते जहाजाचंही होऊ शकतं. एरवी समुद्री नियमांना आकार यायला दहा-दहा वर्षं जातात. यावेळी डिसेंबर २००२ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या परिषदेत जहाजांच्या आणि बंदरांच्या सुरक्षेची आयएसपीएस संहिता मंजूर झाली आणि १ जुलै २००४ ला लागूही झाली. परदेशी जाणारी सगळी प्रवासी जहाजं, पाचशे टनांच्या वरची मालवाहू जहाजं आणि ती लागतात ते धक्के यांना ती बंधनकारक आहे. प्रत्येक जहाजाचा सुरक्षा आराखडा कुलपात. जहाजावर एक सुरक्षा अधिकारी, कंपनीत एक, धक्क्यावर एक. धोक्याच्या तीन पातळ्या. एक मुकं बटण, जे दाबलं की जहाजावर काहीच वाजत नाही, पण किनाऱ्यावर संदेश पोचतो. हे बटण किमान दोन जागी असतं आणि त्या जागा थोड्याच लोकांना माहीत असतात.

कागदावर हे सगळं नीट आहे. प्रत्यक्षात संहिता उभी असते गँगवेच्या माथ्यावर, एका खलाशाच्या रूपात. जहाज धक्क्याला लागलं की तो तिथे येतो. अंगात बॉयलर सूट, हातात वॉकीटॉकी, बाजूला नोंदवही आणि व्हिजिटरच्या बिल्ल्यांचा डबा. पहिल्या तासात एजंट येतो, इमिग्रेशनवाले येतात, कस्टमवाले येतात, रेशन घेऊन शिप चँडलरची माणसं येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ लॅशिंगचे कामगार एकदम दहा-पंधरा. प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, नाव आणि वेळ लिहायची, बिल्ला द्यायचा, पिशवी उघडायला लावायची. साहेब लोकांची पिशवी उघडायला सांगितली की ते रागावतात. ओहोटी लागली की शिडी खाली-वर करायची आणि नांगरदोर ताणले जातायत का तेही त्यानेच बघायचं. जहाजावर एकूण माणसं वीस-बावीस, आणि त्यांतलीच काही इंजिनात, काही मालाकडे. रात्री तीन वाजता या एका माणसाचं लक्ष कुठे आहे, यावर लंडनच्या परिषदेचं यश अवलंबून असतं. खलाशांना सुरक्षेचं प्रशिक्षण देण्यात माझा बराच काळ गेला आहे. वर्गात ‘ओळखपत्र न दाखवणाऱ्याला काय म्हणाल?’ असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘सर, तो कस्टमचा असला तर काहीच म्हणणार नाही.’ यावर काय उत्तर द्यावं, हे मला कोणत्याही नियमावलीत सापडलेलं नाही.

याच संहितेने खलाशाचं बंदरात उतरणंही अवघड करून ठेवलं. खलाशांच्या किनाऱ्यावर जाण्याच्या हक्काची आठवण संहितेच्या प्रास्ताविकातच करून दिलेली आहे. पण टर्मिनल शहरापासून कोसभर लांब, मधल्या आवारात पायी फिरायला मनाई, काही देशांत व्हिसा नसेल तर शिडीही उतरता येत नाही. जगातल्या खलाशांत दहातला एक भारतीय असावा, असा सर्वसाधारण अंदाज आहे. रत्नागिरी-रायगडातल्या कित्येक घरांत कोणीतरी ‘बोटीवर’ असतं. त्या माणसाला आपण पहारेकरी नेमला आणि संशयितही तोच ठरवला, हे माझं मत आहे आणि ते पुस्तकभर डोकावत राहील.

सोमाली चाच्यांचा काळ साधारण २००८ ते २०१२. त्यांची पद्धत साधी होती. पळवलेला एखादा ट्रॉलर किंवा गलबत तळ म्हणून वापरायचं, त्यावरून दोन वेगवान होड्या सोडायच्या, आकडा लावलेली शिडी जहाजाच्या कठड्याला अडकवायची. भरलेलं, पाण्यात खोल बसलेलं, सावकाश चालणारं जहाज सोपं सावज. अठरा नॉट किंवा जास्त वेगाने चाललेल्या जहाजावर चढल्याची नोंद तेव्हाच्या मार्गदर्शक पुस्तिकांना सापडली नव्हती. ज्यांना तेवढा वेग नाही त्यांनी कठड्यांना काटेरी तारांची भेंडोळी बांधली, आगीचे पाइप बाहेरच्या दिशेने चालू ठेवले, जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून डेकवर पहारेकरी उभे केले. शेतातलं बुजगावणं आणि हे यांत काही फरक नाही. याउपरही चाचे चढलेच तर सगळ्यांनी ‘सिटाडेल’मध्ये जायचं, म्हणजे आतून बंद होणाऱ्या मजबूत खोलीत, जिथून इंजिन बंद करता येतं आणि बाहेरच्या जगाशी बोलता येतं. यातली मेख अशी की एक जरी माणूस बाहेर राहिला आणि चाच्यांच्या हाती लागला तर कमांडोंना आत घुसता येत नाही. म्हणून सरावात डोकी मोजायला शिकवतात. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’वर चाचे चढले तेव्हा पंधरा भारतीयांसह एकवीसही जण सिटाडेलमध्ये होते; ‘आयएनएस चेन्नई’ पोचली, मार्कोस कमांडोंनी जहाज पिंजून काढलं आणि सगळे सुखरूप निघाले.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. २०११ च्या सुरुवातीला नौदल आणि तटरक्षक दलाने अरबी समुद्रात एकामागून एक धडाका लावला आणि शंभराहून जास्त सोमाली चाचे मुंबईत आणले. चाच्यांनी त्याचा हिशेब चुकता केला. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सप्टेंबर २०१० पासून त्यांच्या ताब्यात होतं. एप्रिल २०११ मध्ये खंडणी मिळाली, जहाज सोडलं, पण सात भारतीय ठेवून घेतले. आमची माणसं सोडा, मग तुमची सोडू. त्या सात जणांची सुटका झाली ऑक्टोबर २०१४ मध्ये. मुंबईच्या तुरुंगातल्या कोठडीचा आणि सोमालियाच्या रानातल्या तंबूचा असा थेट संबंध आपल्या वर्तमानपत्रांत फारसा मांडला गेला नाही. आरोपींवर खटला चालवणं योग्यच होतं. पण त्याची किंमत कोण मोजतंय याचा विचार आधी कोणी केला होता का, हा प्रश्न मी चौथ्या प्रकरणात विचारला आहे, आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही.

२०१० मध्ये जहाज कंपन्यांनी आणि विमावाल्यांनी ‘अतिजोखमीचा टापू’ पूर्वेला ७८ रेखांशापर्यंत वाढवला. नकाशावर बघा, ही रेषा कन्याकुमारीच्याही पूर्वेला जाते. म्हणजे आपला सगळा पश्चिम किनारा, आपले कोळी आणि मच्छीमार ज्या पाण्यात रोज जाळी टाकतात ते पाणी, चाच्यांचा मुलूख ठरलं. विम्याचा जादा हप्ता आला आणि त्यामागून जहाजांवर बंदूकवाले आले. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून वीस-एक मैलांवर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी समोरून येणाऱ्या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार जागीच गेले. जागा बारा मैलांच्या बाहेरची, त्यामुळे खटला कोणाचा यावर दोन देश आठ वर्षं भांडले. २०२० मध्ये हेगच्या लवादाने निर्णय दिला की मारणाऱ्यांवर खटला चालवायचा अधिकार भारताला नाही, मात्र भरपाई मिळावी. दहा कोटी रुपये भरल्यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण मिटवलं. टापूची हद्द त्याआधी, २०१५ च्या डिसेंबरमध्ये, भारताच्या आग्रहाने मागे सरकवली गेली होती आणि २०२३ पासून तो टापूच रद्द झाला.

जहाजांवरच्या बंदूकवाल्यांची गोष्ट यावर संपत नाही. बहुतेक बंदरांत हत्यार घेऊन उतरता येत नाही, म्हणून खोल समुद्रात तरंगती शस्त्रागारं उभी राहिली. जहाज जाताना तिथून रक्षक आणि रायफली उचलायच्या, टापू ओलांडला की परत द्यायच्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘सीमन गार्ड ओहायो’ हे असं एक जहाज तुतिकोरिनजवळ पकडलं गेलं. त्यावरच्या पस्तीस जणांना खालच्या न्यायालयात शिक्षा झाली आणि मद्रास उच्च न्यायालयात ते सुटले.

ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. आत तीन एके-४७ आणि काडतुसं. गणपती तोंडावर, रायगडात नाकाबंदी, चॅनेलांवर रात्रभर धुमाकूळ. तपासात निघालं की नौका एका ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतहून युरोपला जाताना इंजिन बिघडलं, माणसांची सुटका झाली आणि नौका तशीच वाहत आली. रायफली चाच्यांपासून बचावासाठी ठेवलेल्या होत्या.

रायगड पोलिसांनी त्या रात्री जी धावपळ केली तिला कोणी हसू नये. हरिहरेश्वर ज्या श्रीवर्धन तालुक्यात आहे त्याच तालुक्यातल्या शेखाडीला १९९३ च्या फेब्रुवारीत आरडीएक्स उतरलं होतं. त्याची वाट मोकळी करून देणारे कस्टमचे आणि पोलिसांचे लोक पुढे टाडा न्यायालयात दोषी ठरले. १२ मार्चच्या स्फोटांत मुंबईत २५७ माणसं मेली. पंधरा वर्षांनी २६/११ चे दहा अतिरेकी पोरबंदरचा ‘कुबेर’ ट्रॉलर पळवून, त्याच्या तांडेलाला मारून, रबरी होडीतून बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना पाहिलं होतं, हटकलंही होतं. दोन्ही वेळा मुंबई बंदराच्या आणि न्हावा-शेवाच्या फाटकांवर काय बंदोबस्त होता याचा काडीचाही संबंध आला नाही. आयएसपीएसची संहिता मोठ्या धक्क्यांना लागू होते. शेखाडीची पुळण आणि बधवार पार्कची वाळू तिच्या कक्षेत येत नाही.

२६/११ नंतर बरंच बदललं. किनाऱ्याच्या सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं मिळाली, राज्याराज्यांच्या बोटींना रंग ठरले, वीस मीटरपेक्षा लांब बोटींवर स्वतःची जागा सांगणारं यंत्र सक्तीचं झालं. आपल्या कोळ्यांच्या बहुतेक होड्या वीस मीटरपेक्षा लहान आहेत, हे वेगळं सांगायला नको. सागरी पोलिसांना गस्ती नौका आल्या, पण त्या चालवणारी माणसं, डिझेल आणि दुरुस्ती यांची रड वर्षानुवर्षं चालली. ३१ जुलै २०११ ला, म्हणजे एवढं सगळं सुरू झाल्यावर, ‘पवित’ नावाचं सुमारे हजार टनांचं तेलवाहू जहाज जुहूच्या चौपाटीवर येऊन रुतलं. ओमानजवळ खलाशांनी ते सोडून दिल्याला महिना झाला होता. बुडालं असेल असं सर्वांनी धरून चाललेलं. ते वाहत वाहत देशाच्या आर्थिक राजधानीत आलं आणि सकाळी फिरायला आलेल्या लोकांना दिसलं. पावसाळा होता, जहाजावर वीज नव्हती, यंत्र बंद होतं, ही सगळी कारणं खरी आहेत. अतिरेक्याला याहून वेगळं काय लागतं?

बंदराच्या आत काय आहे हे आतल्यांनाच माहीत नसणं, हा धोका मुंबईला जुना आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापसाच्या गासड्यांशेजारी स्फोटकं भरलेलं ‘फोर्ट स्टिकिन’ पेटलं आणि गोदीचा मोठा भाग उडाला. तो घातपात नव्हता, निष्काळजीपणा होता. २०२० मध्ये बैरुतलाही तेच झालं. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात टाल्क दगडांच्या नावाखाली आलेल्या दोन कंटेनरांत जवळजवळ तीन हजार किलो हेरॉइन सापडलं. त्या जागी दुसरं काही असतं तर, हा विचार बंदरातल्या प्रत्येक माणसाच्या मनात येऊन गेला असणार. जून २०१७ मध्ये तर न्हावा-शेवाचं एक टर्मिनल कुठलीही नाव किंवा माणूस आत न येताच थांबलं. मर्स्क समूहाच्या संगणकांत जगभर ‘नॉटपेट्या’ हा विषाणू शिरला, त्यात त्यांच्या गटाचं आपलं टर्मिनलही आलं आणि बाहेर ट्रकांच्या रांगा लागल्या.

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथींनी तांबड्या समुद्रात जे चालवलं त्याने काटेरी तारा आणि बुजगावणी यांचं युग जुनं वाटायला लागलं. क्षेपणास्त्राला शिडी लागत नाही. डिसेंबरमध्ये ‘केम प्लुटो’ या मंगळुरूकडे येणाऱ्या तेलवाहू जहाजावर पोरबंदरपासून दोनशे-एक मैलांवर ड्रोन आदळला. मार्च २०२४ मधली ‘आयएनएस कोलकाता’ची नोंदवही वाचण्यासारखी असली पाहिजे. ६ मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर क्षेपणास्त्र पडलं, तीन खलाशी मेले, कोलकाताने एकवीस जणांना समुद्रातून उचलून जिबूतीला पोचवलं. दहा दिवसांनी तीच नौका ‘रुएन’समोर उभी होती. हे जहाज डिसेंबरात चाच्यांनी पळवलं होतं आणि तळ म्हणून वापरायला काढलं होतं. चाळीस तास चाललेल्या त्या कारवाईत हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस समुद्रात उतरले, पस्तीस चाचे शरण आले, सतराही खलाशी सुखरूप सुटले. २३ मार्चला ते पस्तीस जण मुंबईत आले आणि पोलिसांच्या ताब्यात गेले.

यावेळी पोलिसांना दरोड्याची कलमं धुंडाळावी लागली नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केला होता. चाचेगिरीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, त्यात कोणाचा जीव गेला तर फाशीही. बारा मैलांच्या बाहेर, आपल्या आर्थिक क्षेत्रात आणि त्यापलीकडच्या खुल्या समुद्रातही तो लागू आहे. ‘अलोंड्रा रेनबो’पासून इथवर यायला आपल्याला तेवीस वर्षं लागली. कायद्यात फाशी घालायला नको होती, असं मला वाटतं. फाशीच्या भीतीने चाचा शरण येण्याआधी दहादा विचार करेल, आणि त्याच्या पुढ्यात तेव्हा आपलेच खलाशी बसलेले असतील. शिवाय अनेक देश फाशीची शक्यता असेल तर आरोपी सोपवत नाहीत. यावर माझ्या नौदलातल्या मित्रांशी माझे वाद झालेले आहेत आणि त्यांची बाजूही सहाव्या प्रकरणात दिली आहे.

पुस्तकाच्या मर्यादा सांगतो. समुद्राखालच्या केबल, पाकिस्तानकडून होणारी मच्छीमारांची धरपकड आणि युद्धनौकांची स्वतःची सुरक्षा हे विषय इथे नाहीत. गिनीच्या आखातावर एकच प्रकरण आहे, त्याला खरं तर स्वतंत्र पुस्तक हवं. २०२० मध्ये जगात पळवल्या गेलेल्या १३५ खलाशांपैकी १३० तिथे पळवले गेले होते. जहाजांची नावं खरी दिली आहेत. ओलीस राहून आलेल्यांची नावं मात्र कुठेही नाहीत, कारण त्यांतले पुष्कळ जण पुन्हा बोटीवर गेले आहेत आणि नव्या कंपनीला जुनं सगळं कळावं अशी त्यांची इच्छा नाही.

ज्यांच्या घरातला मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा जहाजावर जाणार असेल त्यांनी शेवटचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. नोकरी देणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, तो कसा तपासायचा, जहाज कुठल्या झेंड्याखाली आहे, विमा कोणाचा, हे त्यात आहे. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. सोमाली चाच्यांच्या काळात ओलीस धरलेल्या कित्येकांचा करार मधेच संपला म्हणून कंपन्यांनी घरी पैसे पाठवणं थांबवलं होतं. सागरी कामगार करारात त्यानंतर दुरुस्ती झाली आणि २६ डिसेंबर २०२० पासून ती लागू आहे: खलाशी चाच्यांच्या कैदेत असेपर्यंत, कराराची तारीख उलटून गेली तरी, करार चालू समजायचा आणि पगारही चालू ठेवायचा. सही करण्याआधी कागदात हे कलम शोधावं. सापडलं नाही तर एजंटला विचारावं, आणि त्याने दिलेलं उत्तर लेखी मागून घ्यावं.